एकशे बारावी फाइल

डिसेंबर. क्लायपेडाच्या बंदरात चारलाच अंधार.
डाउमान्ते एकेक एक्सएमएल फाइल उघडते,
टोकदार कंसांतून जहाजं सोडवते
आणि कोडमध्ये आणून बांधते.

जहाजाचा क्लास, जहाजाचा तक्ता.
नांगर टाकल्याची वेळ या रकान्यात,
एका जहाजाला कंटेनर अनेक.
नाती तीच, व्याकरण नवं.
पूर्वी स्पेलिंग चुकलं की मध्यरात्री फोन यायचा.
आता कंपायलर दारातच अडवतो.

एकशे अकरा स्क्रिप्टनेच उरकल्या,
झटपट, जुन्या पुसूनही टाकल्या.
एकशे बारावी अडली, म्हणून हाताने उघडली.
आत रिमगाउडासची टीप:
"इथे आळशी लोडिंग नको. सगळं एकदम आणा.
क्रेनवाला थांबत नाही."

रिमगाउडासला जाऊन दोन वर्षं झाली.
स्क्रिप्टला टिपा दिसत नाहीत,
हे तिला आत्ता दिसलं.

मग ती इतिहासात मागे गेली,
पुसलेल्या फाइली पुन्हा उघडत,
कॉफीवर साय धरेपर्यंत.
"हे का चालतं ठाऊक नाही. हात लावू नका."
"हा रकाना कस्टमवाल्यांचा हट्ट."
आणि सत्तेचाळिसावीत, बंदरशुल्काच्या खाली:
"मुलगी झाली. उरलेलं सोमवारी."

सकाळी विटेनिस कोड तपासताना थबकला.
बंदरशुल्काच्या क्लासवर ही ओळ कशाला?
कुठल्या तक्त्याशी जुळते ही?

कुठल्याच नाही, ती म्हणाली.
बिल्ड होतंय ना?
मग राहू दे.