एक सूत जास्त

दाऊद मुल्लाणींची फूटपट्टी
फुटामागं एक सूत मोठी आहे.
लोखंड निवताना आक्रसतं,
म्हणून साचा आधीच तेवढा वाढवून धरायचा.
उद्यमनगरात हे कुणाला सांगावं लागत नाही.

माळ्यावर एक सागवानी पॅटर्न आहे,
अंगावर खडूनं लिहिलेलं: खडकी. हात लावू नये.
खडकीची ऑर्डर येते सात वर्षांनी, कधी नऊ.
चाळीस नग.
ते कशात बसतात, कुणी सांगत नाही.
आम्हीही विचारत नाही.

मधल्या वर्षांत
याच भट्टीतनं निघतात उसाच्या चरकाचे रोलर,
पंपाची पोटं, गटाराची झाकणं,
इचलकरंजीच्या मागांची चाकं.
खोतशेठ म्हणायचे, विझलेली भट्टी
कोळशानं पेटत नाही, माणसांनी पेटते.
आणि दाऊदचाचांचा पगार काढायला
त्यांनी गोकुळ शिरगावचा प्लॉट फुंकला.

शिरोलीच्या मोठ्या शेडनं चाचांना दीडपट बोललं.
गेले. अडीच महिन्यांत परत.
"तितं समदं कॉम्प्युटर काढतोय,
मला च्या प्यायला ठेवलंय."

खंडेनवमीला पॅटर्न खाली येतो.
मी हळद-कुंकू लावते, चाचा वाळवी बघतात,
बोटानं ठोकून, कलिंगड बघावं तसं.

गेल्या खेपेला साहेब आले, गेज घेऊन.
चाळिसातले अकरा नापास.
एकाच्या पोटात हवेचा बुडबुडा, ज्वारीएवढा.
साहेब म्हणाले, बाहेरून मागवलं तर निम्म्यात येतं.
मग टोपी काढून जरा वेळ बसले,
म्हणाले, ज्या दिवशी ते देणार नाहीत
त्या दिवशी मी कुणाकडं येऊ?
अकरा नग पुन्हा भट्टीत गेले.
त्यांची आता झाकणं झालीत,
राजारामपुरीत कुठंतरी, तुमच्या पायाखाली.

ऑडिटर विचारतो, ह्या माणसाचा पगार
कोणत्या जॉबवर टाकू?
मी लिहिते: राखण.
तो म्हणतो, असं खातं नसतं.
मी म्हणते, आमच्यात असतं.

इराप्पाची पोरगी आता चाचांच्या हाताखाली आहे.
साधी फूटपट्टी तिला मिळत नाही,
चाचांची कधीच हरवली.
घराचं दारसुद्धा त्यांनी याच पट्टीनं मापलं होतं;
सात फुटाला सात सूत जास्त,
चौकटीत बसेना, बायको हसून दमली.
अजून तसंच आहे, अर्धवट उघडं.
चाचा म्हणतात, असू दे की.
निवंल कवातरी.