अनुक्रमांक सत्तावीस

सोमवारपर्यंत नावं द्या, म्हणाले हुडगे सर
आणि फळ्यावर रकाने आखले:
प्रोजेक्ट, लागणारं सामान, खर्च, संदर्भ.
आमची बायफोकलची लॅब म्हणजे चार टेबलं,
एकाच्या फळीवर सोल्डरिंगचे व्रण,
आमच्या आधीच्या पंधरा बॅचांचे.

शनिवारी रकाने भरत आले.
टाकी भरल्याची घंटी, नऊ जण.
टाळी वाजवली की दिवा, सात.
अंधार पडताच लागणारा रस्त्यावरचा दिवा, अकरा,
त्यातल्या चौघांच्या रस्त्यावर खांबच नाही.
निकहतनं लेझरचं कुंपण घेतलं.
"कुणाला अडवायलीस?" म्हटलं तर म्हणे,
"भावाला. माझ्या कपाटापासून."

सत्तावीसपुढं नुसती रेघ.

मोंढ्यामागं मैनोद्दीन मिस्त्रीचं दुकान,
पोट उघडे टाकलेले रेडिओ, एक पंखा, एक मांजर.
"बीसी पाचशे सत्तेचाळीस ने," म्हणाला,
"बरणीभर पडलेत. तीन रुपयाला एक.
फुडं काय जोडायचं ते तुझं तू बघ."
तीन पायांचा काळा किडा
मुठीत धरून घरी आले.

घरी अण्णा फोनवर.
नगरपालिकेत वॉल्व्हमन. दाराशी टेकवलेली
त्यांची लोखंडी चावी माझ्याहून वीतभर उंच.
उदगीर निजलं तरी त्यांचा फोन निजत नाही:
"अण्णा, आमच्या लायनीला कधी?"
"अण्णा, आज का उद्या, नक्की सांगा की."
आठव्या दिवशी पाणी, तेही कधी दोनला, कधी पहाटे,
गल्लीत पाळीनं एक बाई जागी,
नळाखाली पालथी घागर घेऊन.

आमच्या गल्लीत टाकी भरून वाहिलेली
अजून कुणी पाहिली नाही.
मग नऊ जणांचं सर्किट मी उलटं केलं:
टाकी भरल्यावर नको, नळ आल्यावर वाजू दे.
नळाच्या तोंडात दोन तारा,
पाणी टेकलं की घंटी. झालं.

हुडगे सरांनी कागद उजेडात धरला.
"आणि तारांमधी एक थेंब अडकला तर?
आठ दिवस बोंबलत बसंल."

रात्री अण्णा ज्वारीची भाकरी कुस्करत होते.
मी थेंबाचं सांगितलं.
"पाणी आधी येतच नसतंय," म्हणाले.
"आधी हवा येती.
मी वॉल्व्ह फिरवल्यापासून तुझ्या गल्लीपर्यंत
सात मिनिटं पाईप नुसता धापा टाकतो.
चावीच्या दांड्यातनं कळतंय, हाताला."
आणि उष्टा हात पुढं केला,
जणू त्यात अजून थरथर असेल.

मी सगळं खोडलं.
बाटलीच्या प्लास्टिकचं हलकं पान,
त्याला फुटक्या स्पीकरच्या चुंबकाचा तुकडा,
समोर काचेतला रीड स्विच
(मिस्त्रीकडं नाही, लातूरहून मागवायचा),
मग तो काळा किडा, मग बझर.
पान हवेनं हललं की वाजेल,
पाण्याच्या आधी. झोपलेल्या बाईला
घागर उताणी करण्याइतका वेळ.

सोमवारी सर म्हणाले,
"हे कुठल्या पुस्तकातलं?"
संदर्भाच्या रकान्यात मी लिहिलं होतं
अण्णांचं पूर्ण नाव, आणि खाली: वॉल्व्हमन, पंचवीस वर्षं.
सरांनी लाल पेन उघडलं,
थोडा वेळ तसंच धरलं,
मग माझ्या खर्चाच्या बेरजेतली
अकरा रुपयांची चूक दुरुस्त केली.

अजून ठरलेलं नाही बरंच.
बझर नऊ व्होल्टचा का बाराचा,
पान पावसाळ्यात चिकटलं तर काय,
आणि गावातल्या कुत्र्यांना हे पटेल का.

"म्हणजे मला आता फोन नाही यायचे?"
अण्णांनी विचारलं, अंथरूण टाकताना.
"एवढ्या एका गल्लीचे तरी नाही."
"हं," म्हणाले,
आणि फोन चार्जिंगला लावून
रोजच्यासारखा उशाशी ठेवला,
आवाज वाढवून.