विवेक (पु.)

सातवी ब मध्ये विवेक तिबिले नावाचा मुलगा आहे.
परवा त्यानेच विचारलं,
बाई, माझ्या नावाचा अर्थ काय?
मी म्हणाले, सारासार विचार.
तो म्हणाला, म्हंजे?
मी फळ्याकडे तोंड करून
बराच वेळ खडू शोधला.

घरी कोश काढला.
विचार निघतो चर् पासून : चरणं, हिंडणं,
दावं सुटलेल्या रेडकासारखं.
विवेक विच् पासून : वेगळं करणं, पाखडणं.
ठीक. पण सातवी ब ला सूप कुठून दाखवू?
त्यांच्या घरी पीठच येतं पिशवीतून.

शनिवारी शाळा सुटल्यावर सगळी वरात नेली
प्रयाग चिखलीच्या वाटेवर,
हिंदुराव यवलुज्यांच्या गुऱ्हाळावर.
(आमच्या स्टाफरूममध्ये हा शब्द
वेतन आयोगाच्या चर्चेला वापरतात.)

काहील उकळत होती, रस गढूळ,
पुरातल्या पंचगंगेसारखा.
ठेचलेल्या भेंडीचं बुळबुळीत पाणी
हिंदुरावांनी आत सोडलं,
आणि काळी-हिरवी मळी
आपणहून वर आली, फेसाळत,
भांडणाच्या शेवटी
खरं तोंडातून निघून जावं तशी.

झारा आडवा फिरला. पुन्हा फिरला.
खाली सोनं होतं म्हणायचा मोह होतो.
रसच होता. उसाच्या रंगाचा.

मळी आदीच काढली तर? विवेकनं विचारलं.
आदी घावतीयच कुठं? वर तर याय पायजे.
आनि उशीर झाला तर?
मग उकळीत परत मिसळती.
बस चाटत काळा गूळ जलमभर.

काढलेली टाकून देता? शबनम मुल्लाणी.
टाकतोय कशाला, पोरी? खत हुतंय.

चुलवाणाच्या तोंडाशी जळव्या
चिपाडं सारत होता, एकेक मूठ.
त्याला कुणी काही विचारलं नाही.
सगळा जाळ मात्र त्याच्या हातात.

येताना पोरांचे हात चिकट,
माझ्या पदरालाही पाच बोटं.

सोमवारी विवेकच्या वहीत :
विवेक म्हणजे
मळी वर येईपर्यंत थांबणे
आणि आली की न थांबणे.

कोशात असं नाही.
मी लाल पेनाचं टोपण काढलं
आणि तशीच बसून राहिले,
वर काही येतंय का बघत.