खप

पहाटे बंदरावर लिलावाची वही मी लिहिते,
बांगडा टोपलीमागे कितीला गेला, सुरमई कोणी उचलली.
दुपारी उमाकांत खोबरेकरच्या खोक्यांची वही.
त्यामुळे वेंगुर्ल्यात ज्याला त्याला वाटतं
हिला माहीत असणार:
‘गलबत’ची दुसरी आवृत्ती खपली का?

पाचशे छापल्या, कुडाळला.
जाड पुठ्ठा, रंगीत नकाशा, निवतीच्या खडपापासून रेडीपर्यंत,
आणि सावंतवाडीच्या चिताऱ्याने लाखेत रंगवलेले फासे,
ज्यांच्यावर सहा जरा जास्तच पडतो.
पहिली आवृत्ती म्हणजे नुसती झेरॉक्स होती,
चौसष्ट पानं, स्पायरल,
मूळ प्रतीवर चहाचा डाग, म्हणून सगळ्याच प्रतींवर.
एक जण तांडेल व्हायचा, बाकीचे खलाशी.
तांडेल म्हणायचा, समोर धुकं आहे, सुकाणूवर कोण?
आणि माझ्या आत्येच्या ओटीवर रात्रीचे दोन वाजायचे.

जोकीम म्हणतो, संपली की! दुकानात एकही दिसत नाही.
दिसणार कशी, दुकानदाराने ती छत्र्यांच्या मागे रचलीय.
साबिरा म्हणते, आपटली,
तिच्या ओळखीत कोणीच घेतली नाही.
तिच्या ओळखीत चार जण. चौघांकडे जुनी झेरॉक्स.
पुण्याचा विक्रेता फोनवर म्हणाला, उठाव बरा आहे,
आणि आठवड्याने एस.टी.च्या पार्सलातून
ऐंशी प्रती परत आल्या, कोपरे दमट.

जुनी मंडळी रागावलीत ती पान सत्तेचाळीसवर.
पूर्वी भरती फाशावर यायची.
आता तक्ता आहे, तिथीवार,
उमाकांतने वर्षभर धक्क्याच्या खांबाशी उभं राहून
पाणी मोजून केलेला. एक चूक नाही त्यात.
बाबल गिरप, ज्याची स्वतःची होडी आहे, तो म्हणाला,
“पयल्यात भरती कधी येतली ता देवाक सुदीक म्हायत नसायचा.
आता लिवलेला आसा. मगे भियाचा कशाक?”
उमाकांत गप्प.
मग घरी जाताना मला म्हणाला, खऱ्या दर्यालाही तक्ता असतोच ना.
असतो.
तरी माणसं बुडतात.

दोनशे चौदा विकल्या. तेवीस फुकट वाटल्या.
एकोणीस वाळवीने वाचल्या, अगदी शेवटच्या पानापर्यंत.
बाकी दोनशे चव्वेचाळीस, परत आलेल्या धरून.
छापखान्याचं देणं एक्केचाळीस हजार.

माल खपतो तेव्हा पैसे येतात.
माणूस खपतो तेव्हा एक तर तो राबतो, नाहीतर जातो.
उमाकांत तीन वर्षं खपला, एवढं मी सही करून सांगेन.
आवृत्तीचं विचाराल तर दोनशे चौदा.
आणि दोनशे चौदा म्हणजे किती, ते विचारू नका.
पहाटे पाचला टोपलीचा भाव वेगळा, आठला वेगळा,
साडेनऊला तोच बांगडा माडाच्या मुळाशी, खताला.
पुस्तकाचे साडेनऊ कधी वाजतात
ते मला कोणी सांगितलेलं नाही.

गेल्या रविवारी उरलेला गठ्ठा घेऊन शिरोड्याला गेलो.
शाळेच्या व्हरांड्यात सहा मुलं गोल करून बसलेली.
मधोमध दुसरी आवृत्ती, पण काळीपांढरी,
झेरॉक्स, नकाशाची घडी चुकलेली,
खलाशांच्या जागी काजूच्या बिया.
पान सत्तेचाळीस आडवं खोडलेलं, शेजारी निळ्या पेनने:
भरती फाशावर.

हे कुठल्या रकान्यात? उमाकांतने हळूच विचारलं.
टोपलीतून उडी मारून परत पाण्यात गेलेला मासा
आम्ही लिहीत नाही, मी म्हटलं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कुडाळहून.
त्याने तो पालथा टाकला, नकाशाच्या कडेवर.
तांडेल झालेली पोरगी, पुढचा दात पडलेली,
त्याला म्हणाली, काका, उभे राहू नका, उजेड अडतो.
खेळणार असाल तर सुकाणू तुमचं.
समोर धुकं आहे.

तो बसला. फासा हातात घेतला, टाकला मात्र नाही.
फोन थरथरत होता,
आणि शेजारचे खलाशी
एकेक करून
नकाशावरून सरकत होते.