चार सेकंद

उम्म-अल-कुवैनच्या धक्क्यावर पहाटे साडेपाचला
मी आधी फोन बघतो, मग पाणी.
पाणी खोटं बोलत नाही,
पण पाणी फक्त आत्ताचं बोलतं.

आज पाणी आरसा.
खाडीत तिवरांची सावली तिवरांइतकीच ठाम,
रोहित पक्षी एका पायावर निवांत,
आणि फोनवर:
वारा वायव्य, सोळा नॉट, झोत पंचविसापर्यंत, दुपारी.
लाट नव्वद सेंटिमीटर.
दोन लाटांत अंतर चार सेकंद.

लोंढेसाहेब म्हणाले, नव्वद म्हणजे कमरेइतकी ना हो?
अकरा माणसं, मुलीचा वाढदिवस,
केक बर्फाच्या पेटीत.
त्यांचं बरोबरच होतं. कमरेइतकी.
(अधूनमधून एखादी त्याच्या दुप्पट येते,
फोन सरासरी सांगतो,
बुडवणारी लाट सरासरीतली नसते.
हे मी बोललो नाही. वाढदिवस होता.)

मी एवढंच म्हटलं, उंचीला विचारू नका,
मधल्या उसंतीला विचारा.
आमच्या सर्जेकोटला एवढीच लाट
बारा-बारा सेकंदांनी येते,
होडी उचलते, ठेवते,
निजलेलं पोर या मांडीवरून त्या मांडीवर घ्यावं तशी.
इथला दर्या उथळ. परातीतलं पाणी.
परात हलवून बघा घरी.
नाळ एकीवरून उतरते न उतरते
तोच दुसरी दारात उभी,
सावकारासारखी नाही, सावकार निदान महिनाभर थांबतो.

मुलगी ऐकत होती, शाल्मली, वय नऊ.
गुडघ्यावर तळवा आपटत म्हणाली,
एक, दोन, तीन, चार, धप्प?
म्हटलं, धप्प.
परत येईपर्यंत?
परत येईपर्यंत.
तिला कळलं. तिच्या वडलांना आगाऊ रक्कम आठवली.

खाडीतच फिरवतो म्हटलं, तिवरांत, पक्षी दाखवतो.
पक्षी बघितलेत, म्हणाले,
आणि केक घेऊन गेले.

अबू हमदान मालक आला, समुद्राकडे हात केला,
मग माझ्याकडे. बोलला काहीच नाही.
दिवसाचे पैसे कापताना तो बोलत नाही.

बारा वाजले. आरसा.
दोन वाजले. कासिमची बोट गेली होती, ती आली,
बायकांच्या ओढण्यासुद्धा कोरड्या.
त्याने लांबूनच विचारलं, काय खवणेकर, कुठाय तुझा शमाल?
चार वाजले. मी इंजिनचं तेल बदललं,
बदलायला झालेलं नव्हतं.

माझी एक वही आहे. डावीकडे सांगितलेलं, उजवीकडे झालेलं.
उजवीकडे लिहिलं: आला नाही.
बाबा वही ठेवत नव्हते,
चुकले तर रापणकरी चारचौघांत हसायचे,
तीच त्यांची वही.

रात्री पावणेदोनला पत्रा वाजला.
मग एसीचा आवाज ऐकू येईना,
म्हणजे बाहेरचा मोठा झाला होता.
वायव्य. आपल्याकडे त्या दिशेच्या
नावातच वायू बसवून ठेवलाय.
दात रेतीने करकरले,
धक्क्यावरचे दिवे धुळीत पिवळे अंडे झाले,
दोर ताणून कण्हत होते.

मी दोर दुहेरी केले, बोटीच्या कडेला टायर सोडले.
कासिमची बोट एकाच गाठीवर होती.
तीही बांधली. उद्या सांगणार नाही,
की सांगेन, बघू.

लोंढेसाहेबांना फोन करावासा वाटला,
नुसता हातात धरून, त्यांना आवाज ऐकवावा.
पण रात्रीच्या दोनला बरोबर असण्याचा
कुणाला काय उपयोग.
सगळे घरी, कोरडे, माझ्यावर थोडे रागावलेले,
ती मुलगी झोपलेली.

वही खिशातच होती. आला नाही खोडलं,
लिहिलं, उशिरा.
मग काँक्रीटच्या टोकाशी बसून
गुडघ्यावर तळवा आपटत मोजत राहिलो.

एक, दोन, तीन, धप्प.

पुन्हा मोजलं.
तीनच.