दिवसअखेर

लक्ष्मीपुरी शाखेत
आता साडेपाचला दिवस मिटतो.
एक बटण, हिरवी पट्टी, झालं.

शेटके आण्णा अजून
बसण्याआधी फडक्यानं झटकतात कीबोर्ड,
लेजर झटकायचे तसा.

पूर्वी ऐंशी पैशांचा फरक
रात्री दहापर्यंत बसवून ठेवायचा सगळ्यांना.
गुळाच्या अडत्यांची खाती
बोटानं पान पान उतरत जायची,
कुणीतरी भडंग आणायचं,
आणि मध्येच कोपऱ्यातून आरोळी –
"घावला! एकाचा नऊ झालाय!"

आता फरक पडत नाही.
किंवा पडतो तो पुण्याला, सर्व्हरमध्ये,
आपल्याला न विचारता.

शबनम मुल्लाणीनं शिकवलं,
पासवर्डात आकडा लागतो आण्णा, एखादी खूणही.
त्यांनी घातला
जुन्या बचत लेजरचा पान नंबर.
महिन्यानं मशीन म्हणालं, बदला.
तेव्हापासून दर महिन्याला
ते एक पान उलटतात.

पहिल्या दिवशी सहाला घरी पोचले
तर बायको दारातच,
"तब्येत बरी हाय न्हवं?"

काय सांगायचं.
चप्पल काढता काढता म्हणाले,
"टॅली झालं."