एकास पाचशे

कुरिअरवाला तौसिफ खोका टेबलावर ठेवतो,
"आत धूर आहे, मॅडम," दर वेळी तेच म्हणतो.
धूर नाही, सुका बर्फ. त्याच्या पोटात
नखाएवढी कुपी, कुपीत
पापणी भिजेल इतकीच अँटीबॉडी.
किंमत माझ्या दोन पगारांची.

कुठल्याशा सशाच्या रक्तातून आलीय ही.
काय टोचलं ते सशाला कळलं नसणार,
पण त्याच्या रक्तानं एक आकार पाठ केला:
मज्जातंतूच्या टोकावरचं दार,
वाढीचा निरोप येऊन थांबतो ते.
ससा आता नसेल बहुतेक.
पाठांतर आहे.

मी थेंबाच्या वाटण्या करते, लेबलं चिकटवते,
फ्रीझर लावते आणि पुन्हा उघडून बघते.
आडगावच्या विजेचा भरवसा नाही.
मागच्या जानेवारीत रात्री अडीचला
वॉचमन पगारेंचा फोन आला, जनरेटर खोकतोय म्हणून.
जेल रोडवरून निघाले, गाऊनवर स्वेटर,
द्वारका सर्कलला एक कुत्रं सोडलं तर कोणी नाही,
डिकीत थर्माकोलचा डबा
आणि हाताला हँडल लागत नव्हतं इतकी थंडी.
तेव्हा वाटून गेलं,
अण्णांना कायम असंच होत असेल.

घुगे मॅडमनी प्रमाण सांगितलंय: एकास पाचशे.
पाचशे म्हटलं की मला नोटाच दिसतात.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं
अण्णांनी कोऱ्या नोटा मोजल्या,
डोळ्यांनी नाही, बोटांनी.
गड्डी सर्रकन जायची आणि एखादी
केसभर जाड निघाली की अंगठा आपोआप थांबायचा.
"डोळे फसतात गं. कातडी नाही फसत."

साखरेनं कातडीच फसवली.
चप्पल पायातून सुटते, त्यांना पत्ता नसतो,
अनवाणी सिन्नर फाट्यापर्यंत जाऊन येतात.
शर्टाचं बटण बघून बघून लावतात.
पेन्शन आणली की माझ्यासमोर धरतात, "मोज."

दारं कमी झालीत, की दारं आहेत आणि निरोपच येत नाही,
ते शोधायचंय आम्हाला.
त्यातून हे दार दुतोंडी.
याच उंबऱ्यावर कधी सांगावा येतो 'जग',
कधी 'आवर आता'.

बावीस जणांनी घोट्यावरची तीन मिलिमीटर कातडी दिली.
अण्णांनीही. काढून झाल्यावर विचारत होते,
"झालं का सुरू?"
नावं मॅडमच्या कपाटात, कुलपात.
माझ्याकडे फक्त आकडे.

रात्रभर थंडीत भिजवायचं, सकाळी तीनदा धुवायचं.
एका काचेवर थेंब द्यायचाच नाही, मुद्दाम.
ती काळी निघाली
तरच बाकीच्यांच्या उजेडावर विश्वास ठेवायचा.

ती काळी निघाली.
पडदा ओढून मी बाकीच्या बघत बसले.
नऊ नंबरात हिरव्या धाग्यांचं रान.
सतरा नंबरात बराच वेळ काहीच नाही,
मग कोपऱ्यात एक धागा,
तुटक, मणी ओवावेत तसा,
कातडीच्या वरच्या थराकडे निघालेला
आणि अर्ध्यावर थांबलेला.

सतराशी मी जरा जास्त वेळ थांबले.
अँटीबॉडी थांबली नव्हती.
तिला नातं कळत नाही, फक्त आकार कळतो.
मोजणीचं बटण दाबताना माझा अंगठा
अगदी त्यांच्यासारखा हलत होता.

घरी आले तर ओट्याशी उभे.
"सापडलो का मी?"
"नावं नसतात, अण्णा. नंबर असतात."
त्यांनी मान डोलावली, ड्युटीवर असल्यासारखी.
"बरोबर आहे. मोजणाऱ्यानं
नोट कुणाच्या खिशात जाणार ते बघू नये."

मग चहाचा कप उचलला
आणि आधी बोटांकडे नीट बघून घेतलं,
धरलाय ना.